निम्फ, आसरा आणि तांब्याची तार

भोसरीत, चिंचवडमध्ये, चाकणच्या वाटेवर मोटर रिवाइंडिंगची दुकानं अजून टिकून आहेत. एक शटर, एक बाकडं, भिंतीला टांगलेली तारेची रिळं. पाण्याची मोटर जळाली की ती इथे भरायला येते. कारागीर काळी पडलेली जुनी तार कापून काढतो, खाचा साफ करतो आणि नवी तांबडी तार वेढे मोजून भरतो. वेढे चुकले तर मोटर पुन्हा जळते. संध्याकाळी झाडू मारला की तारेचे बारीक तुकडे भंगाराच्या डब्यात जातात.

त्या डब्यातला वीतभर तुकडा डोळ्यांसमोर आणा. तसल्याच तारेने गळाच्या मासेमारीतल्या एका जुन्या वादाला वेगळं वळण दिलं. त्या वादातून नदीच्या तळाकडे बघायची एक रीतही तयार झाली. ही गोष्ट इंग्लंडमधल्या नद्यांवर सुरू होते आणि आपल्या औद्योगिक पट्ट्याला खेटून वाहणाऱ्या इंद्रायणीपर्यंत येते.

खोटी माशी

हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात फिरायला गेला असाल, तर मांडीभर पाण्यात उभा राहून लांबलचक दोर हवेत मागे-पुढे झुलवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तो ट्राउट पकडत असतो. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. इथला मूळचा नव्हे. इंग्रजांनी ब्राउन ट्राउटची अंडी जहाजातून आणली. १९००च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि १९०९मध्ये कुलूत हा मासा रुजवला. निलगिरीच्या थंड ओढ्यांमध्येही ट्राउट सोडले गेले. सह्याद्रीत मात्र ते जमण्यासारखं नव्हतं. पाणी पंचविशीच्या पुढे तापलं की ट्राउटचा जीव कासावीस होतो, आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्येच डोह कोमट होतात.

आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात किंवा कणकेची गोळी. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खोटं असतं. नखाएवढ्या गळावर दोरा, पीस, लोकर, प्राण्याचे केस बांधून कीटकाची नक्कल करतात. ही नक्कल म्हणजे ‘फ्लाय’, आणि ती करण्याच्या कामाला फ्लाय बांधणं म्हणतात. मासा रोज जे खातो तेच समोर आलंय असं त्याला वाटलं पाहिजे, एवढीच अट.

मग प्रश्न येतो की मासा रोज खातो तरी काय?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये या प्रश्नाचं एकच उत्तर प्रतिष्ठित मानलं जाई. फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या माणसाने १८८६मध्ये तरंगत्या फ्लायवर पुस्तक लिहिलं आणि दक्षिण इंग्लंडच्या नितळ नद्यांवर त्याच्या मताला जवळजवळ धर्माचं रूप आलं. पाण्यावर तरंगणारी माशी टिपायला मासा वर येतो, म्हणून फ्लाय तरंगतीच हवी. ती वर आलेल्या माशापुढेच टाकायची, आणि तीही प्रवाहाच्या उलट दिशेने. पाण्याखालून मासा पकडणं हे सभ्य माणसाचं काम नव्हे, असा एकूण सूर होता.

या सुरात पहिली मोठी तान वेगळी घेतली ती जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाने. इचेन नदीवर तो वर्षानुवर्षं मासे पकडत होता. पकडलेल्या माशाच्या पोटात काय आहे हे तो एका लांबट चमच्याने काढून पांढऱ्या बशीतल्या पाण्यात पसरून बघायचा. वकिलाला साक्षीपेक्षा पुरावा बरा वाटतो. बशीत पंखवाल्या माश्या थोड्या असायच्या. बिनपंखी, शेपटीवाले, तपकिरी-हिरवट छोटे जीव पुष्कळ. मासा जेवायचा तो बहुतेक पाण्याखालीच. १९१० आणि १९२१मध्ये आलेल्या पुस्तकांतून स्क्यूजने हे मांडलं, आणि पाण्याखालच्या जिवाची नक्कल करायला सुरुवात केली. १९३८च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर रीतसर वादसभा भरली. ऐंशीच्या घरातला स्क्यूज तिथे जवळपास एकटा पडला.

निम्फ म्हणजे आसरा

पाण्याखालच्या या जिवाला इंग्रजीत ‘निम्फ’ म्हणतात. मेफ्लायसारख्या कीटकांचं बहुतेक आयुष्य नदीच्या तळाशी, दगडाखाली जातं. कित्येक महिने, काही जातींत वर्षभराहून जास्त. मग एके दिवशी तो जीव पृष्ठभागावर येतो, कात टाकतो, पंख पसरतो आणि दिवसा-दोन दिवसांत अंडी घालून मरतो. आपण ज्याला कीटक म्हणून ओळखतो तो त्याच्या आयुष्याचा निरोपसमारंभ असतो. खरं आयुष्य दगडाखाली घडून गेलेलं असतं.

ग्रीक कथांमध्ये निम्फ म्हणजे झऱ्यांत, नद्यांत राहणारी जलदेवता. हा शब्द कळला की मराठी माणसाला भाषांतर शोधावं लागत नाही. नदीकाठी डोहाजवळ शेंदूर लावलेले सात दगड आपण सगळ्यांनी पाहिलेत. साती आसरा. ‘आसरा’ हे ‘अप्सरा’चंच घासून गुळगुळीत झालेलं रूप. डोहातल्या या बायांना हिरव्या बांगड्या, खण, हळद-कुंकू वाहतात, आणि पोरांना सांगतात, तिथे खोल पाण्यात जाऊ नकोस, आसरा ओढतील. दोन दूरच्या संस्कृतींना पाण्याखाली बाईच दिसली. एकीने तिचं नाव किड्याला दिलं, दुसरीने दगडाला.

दोनच वस्तूंची फ्लाय

स्क्यूजची नक्कल पाण्याखाली जायची, पण फार खाली नाही. पिसं आणि दोरा तसे हलकेच. खोल, वेगाच्या पाण्यात ती तळापर्यंत पोहोचण्याआधीच वाहून जायची. या अडचणीतून वाट काढली ती फ्रँक सॉयरने.

सॉयर वकील नव्हता, लेखकही नव्हता. विल्टशर परगण्यात एव्हन नदीवर तो ‘रिव्हर कीपर’ होता, म्हणजे नदीची राखण करणारा पगारी माणूस. ती नदी लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी मंडळाकडे होती. शेवाळ कापणं, गाळ साठू न देणं, काठ सांभाळणं हे त्याचं रोजचं काम. त्यामुळे नदी त्याला वरून जेवढी ठाऊक होती तेवढीच खालून. म्हातारपणी स्क्यूजला या राखणदाराचं निरीक्षण इतकं आवडलं की त्याने त्याला लिहायला उत्तेजन दिलं. सॉयरचं ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ हे पुस्तक १९५८मध्ये आलं.

त्याची सगळ्यात गाजलेली फ्लाय म्हणजे फेझंट टेल निम्फ. हिला फक्त दोन गोष्टी लागतात. फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शेपटातल्या पिसाचे लालसर तंतू, आणि छोट्या ट्रान्स्फॉर्मरच्या किंवा डायनॅमोच्या गुंडाळीत असते तसली बारीक तांबडी तार. दोराच नाही. बांधण्याचं काम तारच करते.

गळ चिमट्यात पकडायचा. त्याच्या दांड्यावर तारेचे वेढे द्यायचे, पुढच्या भागात जास्त, म्हणजे छातीच्या जागी फुगवटा येतो. मग पिसाचे चार तंतू घेऊन त्यांची टोकं मागे थोडी बाहेर राहतील असे तारेने आवळायचे. ही झाली शेपटी. आता तंतू आणि तार एकत्र पिळायचे आणि तो पीळ पुढपर्यंत गुंडाळत न्यायचा. पिसाच्या फटींतून तांबं मधूनमधून चमकतं आणि पोटावरच्या वळ्यांसारखं दिसतं. पुढे तंतू तारेपासून सुटे करून छातीवर मागे-पुढे दुमडायचे, म्हणजे न उमललेल्या पंखांची पेटी होते. तारेचे दोन-तीन वेढे, आणि संपलं. हात बसला की दोन-तीन मिनिटांचं काम.

या फ्लायला पाय नाहीत. लोकांनी विचारलं तेव्हा सॉयरचं उत्तर राखणदाराचं होतं: पोहताना हा जीव पाय अंगाशी घट्ट धरतो. मग नसलेले पाय कशाला बांधायचे? पण खरी करामत वजनात होती. तांब्याची घनता पाण्याच्या जवळपास नऊपट. फ्लाय पाण्यात पडली की सरळ तळाकडे जाते. तिथे माशाच्या तोंडासमोर आल्यावर काठीचं टोक अलगद उचलायचं. खाली गेलेली फ्लाय वर निघते, जणू कात टाकायला निघालेली आसराच. मासा राहवत नाही, झडप घालतो.

म्हणजे एकाच तारेने तीन कामं केली: बांधलं, रंग दिला, वजन दिलं. रिवाइंडिंगच्या कारागिराला यातलं काहीच अपरिचित वाटणार नाही. वेढे किती, कुठे दाट, कुठे विरळ, हाच त्याचाही धंदा.

वजनाचा शोध

सॉयर १९८०मध्ये गेला. त्याच दशकात पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाच्या मासेमारांनी स्पर्धांमध्ये आणखी जड निम्फ आणून सगळ्यांना चकित केलं. दोर लांब फेकण्याच्या फंदात ते पडायचे नाहीत. खळाळत्या पाण्यात काठीच्या टोकाखालीच जड फ्लाय तळाला घासत न्यायची, एवढंच.

जडपणासाठी शिसं सगळ्यात सोपं. आपल्याकडे पाग्याच्या जाळ्याच्या कडेलाही शिशाचे मणी असतात. पण शिसं विषारी. इंग्लंडमध्ये मासेमारांनी नदीत हरवलेल्या शिशाच्या गोळ्या हंस खड्यांबरोबर गिळायचे आणि मरायचे. १९८७पासून तिथे गळाला लावायच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. पुढे फ्लायच्या डोक्याला आधी पितळेचा आणि मग टंगस्टनचा मणी बसू लागला. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३. मणी तेवढाच, वजन पावणेदोनपट.

इथे गोष्ट पुन्हा आपल्या पट्ट्याकडे वळते. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. इतक्या तापमानाला साचा कशाचा करणार? म्हणून त्याची भुकटी करून दाबतात आणि भट्टीत तापवून कण एकमेकांना चिकटवतात. याला सिंटरिंग म्हणतात. लेथवर किंवा सीएनसीवर काम केलेल्या प्रत्येकाने या पद्धतीने बनलेली वस्तू हाताळलेली असते: कार्बाइडचा इन्सर्ट. तो टंगस्टन कार्बाइडच्या भुकटीतून असाच दाबून, भाजून निघतो. सँडविक एशिया १९६०मध्ये पुण्यात सुरू झाली आणि दापोडीला कार्बाइडची हत्यारं बनू लागली. त्याआधी १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली होती. १९६२मध्ये एमआयडीसी आली, १९७०मध्ये नगरपालिका, १९८२मध्ये महापालिका, आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत गेली.

तारीखवार पाहिलं तर सॉयरचं पुस्तक आणि आपला औद्योगिक पट्टा एकाच वयाचे. निम्फ बांधायला लागणारा प्रत्येक धातू इथे आहे: तांब्याची तार, पितळ, टंगस्टन. गळाचं पोलादही.

बशीतले गुण

आता स्क्यूजच्या बशीकडे परत जाऊ. त्याने माशाचं पोट तपासलं. शास्त्रज्ञांनी तीच बशी नदीच्या तळाला लावली.

जर्मनीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच कोणते जीव घाण पाण्यात टिकतात आणि कोणते मरतात याच्या याद्या झाल्या होत्या. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या शेवटी त्याची सोपी गुणपद्धत झाली. तळाचे दगड ढवळायचे, सुटलेले जीव जाळीत धरायचे, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायचे आणि कोण कोण हजर आहे ते पाहून गुण द्यायचे. दगडाला चिकटून राहणाऱ्या चपट्या मेफ्लायच्या कुळाला १० गुण. पोहणाऱ्या बेटिस मेफ्लायच्या कुळाला ४. चिखलातल्या डासासारख्या कायरोनोमिडच्या अळ्यांना २. गांडुळाच्या जातीच्या बारीक कृमींना १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीवर भारतीय नद्यांसाठी जैविक निकष तयार केले.

बाटलीत भरलेलं पाणी त्या क्षणाचं असतं. रात्री दोन वाजता कुणी काही सोडलं आणि सकाळी अकराला नमुना घेतला तर बाटली काहीच सांगत नाही. दगडाखालचा जीव मात्र महिनोन्‌महिने तिथेच असतो. त्याला पळून जाता येत नाही. ऑक्सिजन एक रात्र संपला तरी तो मरतो, आणि सकाळी अकराला त्याची रिकामी जागा साक्ष देते. कायरोनोमिडच्या काही अळ्या लालभडक असतात, कारण आपल्यासारखंच हिमोग्लोबिन त्यांच्यात असतं. जवळपास ऑक्सिजन नसलेल्या चिखलातही त्या जगतात. तळाला फक्त लाल अळ्या सापडल्या तर नदीचं निदान झालं.

ब्रिटनमध्ये हे मोजमाप करायला सगळ्यात आधी पुढे आले ते मासेमारच. २००७पासून तिथले हौशी लोक प्रशिक्षण घेऊन ठरावीक जागी दर महिन्याला तळाचे जीव मोजतात, आणि संख्या घसरली की सरकारी यंत्रणेला कळवतात. ज्याची नक्कल करता करता आयुष्य गेलं, तो मूळ जीव नाहीसा झालेला सगळ्यात आधी त्यांनाच कळणार.

इंद्रायणीचा तळ

आपल्याकडे ट्राउट नाही, पण महसीर आहे. आणि दख्खनच्या महसीरची शास्त्रीय ओळख पुण्याच्याच पाण्यात झाली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२०च्या दशकात दख्खनची पाहणी करत फिरत होता. माणसं, पिकं, पक्षी, मासे, सगळ्याची त्याने नोंद केली. १८३९च्या सुमारास त्याने दख्खनच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा कित्येक माशांना कोळी-भोयांच्या तोंडची मराठी नावंच लॅटिन करून दिली. आपला शिंगाळा ‘सीनघाला’ झाला. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरला त्याने ‘खुदरी’ म्हटलं, आणि आजही जगभरच्या शास्त्रात तो टॉर खुदरी आहे.

हा खुदरी इंद्रायणीतही होता. देहू-आळंदीच्या डोहांतले मासे भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. लोणावळ्यात वळवणला टाटांच्या धरणाशेजारी १९७०च्या दशकापासून त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी हे तंत्र बसवलं, आणि लाखो पिल्लं तयार होऊन देशभरच्या जलाशयांत गेली. संपत चाललेला मासा वाचवण्याचं हे मोठं काम होतं. पण त्यातून एक धडाही मिळाला. लोणावळ्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली, तिथे खुदरी माजला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर मागे पडत गेला. २०१८मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. परका खुदरी हे त्यामागचं एक मोठं कारण, असं अभ्यासक सांगतात.

मासा हौदात वाढवता येतो, टँकरने नेता येतो, नदीत सोडता येतो. पण नदीचा तळ टँकरने नेता येत नाही. खुदरीचं पिल्लू कीटकांवर वाढतं. त्याला दगड हवेत, दगडांच्या फटी मोकळ्या हव्यात, फटींतून ऑक्सिजनवालं पाणी खेळायला हवं आणि तिथे आसरा राहायला हव्यात. हौदात दाणे टाकता येतात. मोशीच्या पुलाखाली कोण टाकणार?

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते. कार्ला, कामशेत, इंदोरी करत देहूला येते, तिथून मोशी, आळंदी, आणि तुळापूरला भीमेला मिळते. २०१२मध्ये पुण्याच्या अभ्यासकांनी या नदीच्या माशांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हाही पन्नासहून अधिक जाती नोंदल्या गेल्या. म्हणजे नदी मेलेली नाही. पण केंद्रीय मंडळाने २०१८मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले त्यांतले ५३ महाराष्ट्रातले होते, आणि त्यांत पवनाही होती, इंद्रायणीही. आळंदीला पाण्यावर पांढरा फेस येतो. तो साबण-डिटर्जंटसारख्या रसायनांचा आणि न शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा. वारीच्या दिवसांत त्याचे व्हिडिओ तुमच्या फोनवर येतात, चार दिवस चर्चा होते.

फेस पृष्ठभागावर असतो, म्हणून तो दिसतो. आपण सगळे अजून हॅलफर्डच्याच काळात आहोत. वर जे तरंगतं तेवढंच बघतो. फेस विरला की नदी बरी झाली असं समजतो. फेस नसलेल्या दिवशीही तळाशी कुणी राहतंय का, हा स्क्यूजचा आणि सॉयरचा प्रश्न इथे क्वचितच विचारला जातो.

तो विचारायला लॅब लागत नाही. पावसाळा ओसरल्यावर, पाणी उतरून नितळ झालं की, एखाद्या रविवारी कामशेतच्या वरच्या अंगाला एखाद्या ओढ्यात घोट्याएवढ्या पाण्यात उतरा. खळाळत्या जागचा एक दगड उचला आणि उलटा करा. दगडाच्या पोटाला चिकटलेले, दोन-तीन शेपट्यांचे, चपटे, सुर्रकन कडेला सरकणारे जीव दिसतील. काही वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीच्या घरात असतील. नीट बघा, फोटो काढा, दगड होता तसाच परत ठेवा. मग त्याच नदीवर खाली औद्योगिक पट्ट्याजवळ या. इथे मात्र हातमोजे घाला आणि दुसरा दगड उचला. दोन फोटो शेजारी ठेवले की प्रदूषणावरचा मोठा अहवाल वाचल्यासारखं होईल.

मराठीत ‘आसरा’चा आणखी एक अर्थ आहे, तो सगळ्यांना ठाऊक आहे. दगडाखाली जी मोकळी जागा असते तिला हाच शब्द शोभतो. गाळाने ती बुजली की त्यात राहणारी जाते, तिच्यावर जगणारा मासा जातो, आणि काठावरचे शेंदूर लावलेले सात दगड तेवढे उरतात.

निम्फ बांधायची तार भोसरीत मिळते. टंगस्टनचं काम दापोडीला साठाहून जास्त वर्षांपूर्वी सुरू झालं. पिसं ऑनलाइन येतात. पण ज्याची नक्कल करायची तो जीव बघायचा असेल, तर अजून तरी कारखाने मागे टाकून लोणावळ्याच्या दिशेने वर जावं लागतं.